एका सॉकेटचे दोन प्रोसेसर

आमच्या दोन दुकानांच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. अलीकडे माझं झेरॉक्सचं दुकान, पलीकडे ताईचं जुन्या कॉम्प्युटरचं. तिकडे स्क्रू पडला तर इकडे ऐकू येतो, आणि माझ्या मशीनमध्ये कागद अडकला की मी हाक मारायच्या आत पलीकडून सूचना येते, "काका, ओढू नका. मागचं झाकण उघडा." तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी कान लावून ऐकलेलं नाही, कानावर पडलेलं आहे. उरलेलं ताईनेच सांगितलं.

खरं तर तिला ताई म्हणणारी एकच, तिची धाकटी बहीण. पण ती दिवसातून इतक्या वेळा "ताई, ताई" करायची की हळूहळू सगळा रस्ताच ताई म्हणायला लागला. मीही म्हणतो, आणि मी तिच्या वडिलांच्या वयाचा. ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उचलायचे, त्यातलं मेलेलं वेगळं करायचं, जिवंत असेल ते पुसून, जुळवून पुन्हा उभं करायचं, हा तिचा धंदा. लग्न केलं नाही. कुणी फार खोलात शिरलं तर म्हणायची, "वॉरंटी नसलेली वस्तू मी घरी नेत नाही." गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरचे दोन डबे दाखवून "यातला भारी कुठला?" असं विचारलं की "वजनाला की कामाला?" हा तिचा ठरलेला प्रश्न.

धाकटीला ती भिंगरी म्हणायची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. दोघींमध्ये बारा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले. आई लाँड्री चालवायची; हॉस्पिटलच्या आणि लॉजच्या चादरी धुवायची आणि गच्चीवर वाळत घालायची. भिंगरी कॉलेजात असताना आईही गेली. तेव्हापासून ताई तिची बहीणही आणि आईही, आणि या दोन्ही नात्यांनी तिला भिंगरीची बोलणी खायला लागायची.

भिंगरी ॲनिमेशन शिकली. जाहिरातींची चित्रं हलवून देणाऱ्या एका कंपनीत लागली, चांगलं नाव केलं. मग जिन्यावर ठेचकाळायला लागली. बाजूने येणारा माणूस तिला दिसायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, जन्मापासूनच घेऊन आलेला. नजर कडांकडून आत आवळत जाते. उपाय नाही. उजव्या डोळ्याने तर पहिल्या दोन वर्षांतच काम सोडलं. डाव्यात उरलं ते एवढंच, नळीतून बघावं तसं. मधलं स्वच्छ, भोवती काही नाही.

नोकरी सुटल्यावर ती महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे ताई रिकामे डबे रचून ठेवायची, तिथे खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "मला आईची फिल्म करायचीय. छोटीशी. दिसतंय तोवर."

फिल्मची गोष्ट म्हणाल तर नाहीच. गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालतेय. वारा वाढत जातो. शेवटी एक चादर चिमट्यातून सुटते आणि उडून जाते. बस. पण कॉम्प्युटरला जे काही जड जातं ते सगळं त्या गच्चीवर होतं. कापडाची प्रत्येक सुरकुती वाऱ्याबरोबर मोजावी लागते. पातळ चादरीतून येणारं ऊन तर त्याहून अवघड. आणि चित्र जुळवून झालं तरी काम संपत नाही. एकेक फ्रेम मशीनला सावकाश रंगवून काढावी लागते. त्याला ते रेंडर म्हणतात. बाहेरच्या स्टुडिओत ते करून घेणं दोघींच्या ऐपतीत नव्हतं, आणि दुकानातली बाकीची मशीनं पत्रं टाइप करायच्या लायकीची.

त्याच सुमाराला एक बंद पडलेलं डिझाइन ऑफिस ताईने रिकामं केलं. त्यात एक जाडजूड वर्कस्टेशन निघालं. आतला बोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात तो, दुर्मिळ. मेमरीच्या आठ पट्ट्या बसतील असा. त्यावर प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, होता चार कोअरचा, म्हणजे चार हातांनी काम करणारा, वेगवान. आणि ताईच्या खणात, कुठल्यातरी सर्व्हरच्या भंगारातून आलेला, त्याच वयाचा, त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारा आठ कोअरचा दुसरा प्रोसेसर पडून होता. नवे असताना दोन्ही दागिन्याच्या भावाने विकले गेलेले. आता भाजीच्या भावाने मिळतात. आठवाला तर ताईला फुकटातच पडला होता, कारण तो बसवायला बोर्डच कुणाकडे उरला नव्हता.

"यातला भारी कुठला?" भिंगरीने मुद्दाम विचारलं.

"चारवाल्याचा एकेक कोअर चपळ आहे," ताई म्हणाली. "आठवाल्याचे सावकाश आहेत, पण आठ आहेत."

"म्हणजे चार चुणचुणीत सुना की आठ सुस्त जावई?"

"सुस्त नाहीत गं. आठही जण एकदम कामाला लागले तर सुनांच्या आधी कार्य उरकतील."

"आणि काम एकट्याचंच असेल तर?"

"तर एक जण करेल आणि सात बघत बसतील."

मी पार्टिशनच्या अलीकडे हसलो. तिकडून भिंगरी ओरडली, "काका, तुमच्या जावयांचं नाही हं बोलत आम्ही."

ताईने दोन्ही लावून बघितले. आधी एकच फ्रेम दोघांवर रेंडर केली. चारवाल्याच्या दोन फ्रेम होईपर्यंत आठवाला तीन काढायचा. वीज जास्त खायचा, पंख्याचा आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा, पण काम काढायचा. मग तिने भिंगरीला दोघांवर चित्र जुळवायला बसवलं, आणि तिथे पारडं फिरलं. हातातलं पेन हलवलं की चादर त्याच क्षणी हलायला हवी. हे एकट्याचं काम, चपळाचं. आठवाल्यावर चादर किंचित मागून यायची. तुम्हाआम्हाला फरक जाणवला नसता. पण भिंगरीला पडद्यावर एका वेळी दिसायचं ते बशीएवढं. पेनबरोबर नजर पुढे जायची, चादर मागे राहायची, आणि मग ती सापडायचीच नाही.

"हा मागून येतो, ताई," ती म्हणाली. "मी पुढे निघून जाते, मग मागे वळून शोधते. तोवर काय करत होते तेच विसरते."

तेव्हा ठरलं ते असं. चित्र जुळवायचं चारवाल्यावर. दिवसा भिंगरीचं काम, रात्री मशीनने रेंडर करत बसायचं. आणि अगदी शेवटचा शॉट, चादर उडते तो, सगळ्यात जड. तो आला की चारवाला काढून आठवाला बसवायचा आणि एका दमात काढून घ्यायचा. या ठरवण्यात मला आजही खोट दिसत नाही.

कितीतरी महिने त्या कोपऱ्यातून दोघींची बोलणी येत राहिली. ताई समोरून गिऱ्हाइकाला कीबोर्ड दाखवतेय, मागून भिंगरी विचारतेय, "आई चिमटा दातात धरायची की पदरात खोचायची?" "दातात. आणि दातात धरूनच आपल्याला ओरडायची." "काही कळायचं नाही." "कळायचं की. मारायला धावली की कळायचं." एकेक शॉट तयार होत होता. भिंगरी तो दहादा मोडायची. सुरकुती तिला पटायची नाही. ताई चिडायची, "अगं, लोक चादर बघणार आहेत, तिची इस्त्री नाही." पण दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीतून तयार झालेल्या फ्रेम बघायला तीच आधी पोचलेली असायची.

शेवटचा शॉट जुळून झाला त्या आठवड्यात मशीनने पहिल्यांदा दगा दिला. सकाळी सुरूच होईना. ताईने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, फिरवून लावल्या, बोर्डावर टॉर्च धरून बघितलं. दुपारी कधीतरी पंखा फिरला. ती बाहेर येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली.

"बोर्डाचं वय झालंय, काका," ती म्हणाली. "कपॅसिटर फुगलेत, कधीही मरेल. आता याला बंद करायला धीर होत नाही."

त्या संध्याकाळी भिंगरीने विचारलं, "आठवाला बसवणार होतीस ना?"

"त्यासाठी मशीन बंद करावं लागेल. बंद केलं आणि उठलंच नाही तर? दुसरा असा बोर्ड मी कुठून आणू? चालतंय ते चालू दे. थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच."

"माझ्याकडे वेळ आहे?"

"डॉक्टर काय म्हणाले? वर्षभर तरी काळजी नाही."

डॉक्टर तसं म्हणाले होते, हे खरं आहे. भिंगरी म्हणाली, "तू म्हणशील तसं. मशीनमधलं तुला कळतं."

चारवाल्यावर रेंडर सुरू झालं. शॉट पहिल्या फ्रेमपासून क्रमाने बाहेर पडत होता. भिंगरी रोज सकाळी खुर्ची ओढून, नाक जवळजवळ पडद्याला लावून, जेवढ्या झाल्या तेवढ्या फ्रेम बघायची. चादरीत वारा भरला. चादर फुगली. चिमटा हलला. सोमवारी ती मला बोलवायला आली. "काका, चिमटा निम्मा सुटलाय, बघायला या." मी गेलो. खरोखरच चिमटा निम्मा सुटला होता, आणि मागे त्या बाईची पाठ होती. पाठीवरून मी ओळखलं की ही त्यांची आई.

मंगळवारी सकाळी दुकान उघडताना भिंगरी म्हणाली, "ताई, खालून काहीतरी काळं वर येतंय." ताईला आधी वाटलं, मशीनच्या पडद्याबद्दल बोलतेय. मग भिंगरीने स्वतःच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. दोघी तशाच रिक्षात बसल्या. जाताना ताई मला एवढंच म्हणाली, "काका, मशीन बंद होऊ देऊ नका."

मी दोन्ही दुकानं सांभाळली. लाइट जाईल की काय याचा जीवाला घोर. म्हणून दर थोड्या वेळाने पलीकडे डोकावून यायचो. आणि म्हणून तो शॉट बाहेर पडताना सगळ्यात आधी बघितला तो मी, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बुधवारी चिमटा पूर्ण सुटला. गुरुवारी चादर दोरीवरून उठली. त्या वेळी तिकडे हॉस्पिटलात ऑपरेशन चालू होतं. डाव्या डोळ्याचा पडदा आतून सुटून आला होता. त्या आजाराचा आणि याचा थेट संबंध नाही, कुणालाही होऊ शकतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी पडदा चिकटवला. पट्टी काढली तेव्हा भिंगरीला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. पुढे तोही राहिला नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी ती ताईचा हात धरून दुकानावरच्या घरातून खाली उतरली आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं.

"झाला का पूर्ण?"

"झाला."

"लाव. आणि मला सांग."

मी माझं मशीन बंद केलं. बाहेर जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

"चादर सुटली," ताई सांगायला लागली. "वर गेली. मग उजवीकडे."

"आधी सावली हलते. आईच्या पाठीवरची. ती सांगितली नाहीस."

"हो. सावली हलते. मग चादर उडते. आई वळते. आणि हसते."

"लगेच नाही हसत. आधी पकडायला हात पुढे करते. हात तसाच राहतो. मग हसते. ताई, तू बघतेयस ना?"

ताई म्हणाली, "पुन्हा लावते."

तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. दर वेळी भिंगरी एखादी सुरकुती, एखादी उन्हाची तिरीप विचारायची आणि ताई शोधून सांगायची. एकदा ताई म्हणाली, "इथे आईच्या कानामागे केसांची बट उडते. हे कधी केलंस?" तर भिंगरी म्हणाली, "ते शेवटी केलं. तुला दाखवायचं राहिलं होतं."

फिल्म एका लहान हॉलमध्ये दाखवली गेली. तिच्या जुन्या ऑफिसातले लोक आले होते. शेवटच्या शॉटला तिने मुद्दाम आवाज ठेवला नव्हता, वाऱ्याचासुद्धा नाही. हॉलमध्ये सगळे समोर बघत होते, कुणी हलत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिने माझ्या बाहीला हात लावून हळूच विचारलं, "काका, संपली का?" मी म्हटलं, "अजून नाही गं." मग टाळ्या वाजल्या, तेव्हा तिला कळलं.

हे सगळं झाल्यावर ताईने ते करायला नको होतं. पण तिचा स्वभाव तो. दोन वस्तू समोर असल्या की लावून बघितल्याशिवाय तिला राहवत नाही. एक दिवस तिने वर्कस्टेशन बंद केलं, चारवाला काढला, सॉकेट साफ केलं, आठवाला बसवला. बटण दाबलं. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून होती आणि पंखा जोरात फिरत होता.

"उठला, काका," ती म्हणाली. "एका झटक्यात उठला."

"कोण?"

"बोर्ड. काही झालं नाही त्याला. तेव्हाही काहीच नसतं झालं."

मी म्हटलं, जाऊ दे आता. तिने जाऊ दिलं नाही. तोच शॉट, त्याच फ्रेम, पहिल्यापासून आठवाल्यावर लावला आणि शेवटापर्यंत चालू दिला. मग कॅलेंडरसमोर उभी राहिली. त्या वेळी आठवाला बसवला असता तर शॉट रविवारी संपला असता. सोमवारी भिंगरीने सगळा बघितला असता. चिमटा, चादर, हात, हसणं, बट. डोळा मंगळवारी गेला.

"हे तिला सांगू नकोस," मी म्हटलं.

"मी तिच्याशी कधी खोटं बोलले नाही."

"न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, ताई. तेव्हा तुला काय माहीत होतं? बोर्ड मेला असता तर फिल्मच राहिली असती."

"ते मलाही कळतंय हो," ती म्हणाली. "कळून काय करू?"

तिने सांगितलं. आठवड्याभरात, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं ते उशिरा. मी काही विचारलं नाही. दुपारी तीच पार्टिशनपाशी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, काका."

"काय म्हणाली?"

"ताट सारलं. मग म्हणाली, मला हे सांगायला नको होतंस. आत्तापर्यंत ते माझं नशीब होतं. नशिबावर चिडता येतं. आता ते तुझं झालं, आणि तुझ्यावर मी कशी चिडू? तू सोडून मला आहे कोण?"

त्यानंतर वरच्या घरात भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोघी जपून बोलायला लागल्या, पाहुण्यांसारख्या. "चहा घेशील?" "चालेल." "गार झाला का?" "नाही, ठीक आहे." ज्या घरातून चोवीस तास चिवचिवाट यायचा तिथून आता भांड्यांचे आवाज यायचे. भिंगरी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात परत बसली नाही. ताईने ती खुर्ची हलवली नाही, आणि तिच्यावर कधी डबाही ठेवला नाही.

पुढे भिंगरीने स्वतःच चौकशी करून दुसऱ्या शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात जागा मिळवली. काठीने चालणं, पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर वापरणं, सगळं शिकवतात तिथे. ताई पोचवायला गेली. परत आली ती बसमधून उतरून थेट दुकानात, घरी न जाता. मी पाणी दिलं. म्हणाली, "दारापर्यंतच येऊ दिलं मला. म्हणाली, आता पुढची वाट पावलं मोजत जायचीय, तू बोललीस तर आकडा चुकेल." मग ग्लास खाली ठेवून तिने समोरचा एक डबा उघडला आणि आतली धूळ झटकायला लागली. बराच वेळ झटकत होती. त्या डब्यात धूळ नव्हती.

आता भिंगरी तिथेच लोकांना शिकवते. फिल्मांना आवाज जोडायच्या कामातही हात घातलाय म्हणे. सुटीला येते, चार दिवस राहते. बहिणी बाजारात जातात तेव्हा ती ताईच्या कोपराला धरून चालते, आणि कुणी ओळखीचं भेटलं तर हसून बोलते. माझ्या दुकानात येऊन मशीनचा आवाज ऐकते आणि सांगते, "काका, रोलर गेलाय."

गेल्या खेपेला तिला गाडीत बसवून ताई परत आली, तेव्हा मी विचारलं, "बोलता का आता नीट?"

"बोलतो की. रोज फोन असतो." ती शटर वर सारत होती. "तब्येत, भाजी, तिच्या विद्यार्थ्यांच्या गमती. सगळं बोलतो."

"आणि ते?"

तिने शटर अर्ध्यावर धरून ठेवलं.

"ते नाही," ती म्हणाली. "ती काढत नाही. मीही काढत नाही. एकदा मी म्हणणार होते, चुकलं माझं. तर तिला आधीच कळलं बहुतेक. म्हणाली, ताई, ठेवते गं, क्लास सुरू झाला. त्या दिवशी तर रविवार होता."

मग तिने शटर पूर्ण वर केलं आणि आत जाऊन दिवा लावला.